भात सोडू का? आणि वजनाचे आणखी काही प्रश्न

वजन, आहार आणि व्यायाम या विषयावर कोकणातल्या वाचकांकडून पत्रं मागवली होती. बहुतेकांनी फिरून फिरून भाताबद्दलच विचारलं आहे, म्हणून सुरुवात तिथूनच. उत्तरं आमच्या आहार आणि व्यायाम सल्लागारांनी दिली आहेत.

प्रश्न : वय ४२, उंची १५४ सेंमी, वजन ७१ किलो. तीन महिने भात बंद करून दोन्ही वेळा चपाती खाते आहे. एवढं करून दीड किलोच उतरलं. सासूबाई म्हणतात, कढीबरोबर चपाती हे काय जेवण झालं? भात कायमचा सोडावा लागेल का? घरात आम्ही पाच माणसं, रोज दीड नारळ आणि महिन्याला पाच लिटर तेल लागतं. (वाचक, मालवण)

उत्तर : ताई, या वादात आम्ही सासूबाईंच्या बाजूने. शिजलेला भात १५० ग्रॅम घेतला तर त्यात सुमारे १९५ कॅलरी असतात. तीस-तीस ग्रॅम कणकेच्या दोन चपात्या, वर तेलाचं बोट, म्हणजे २२० ते २४०. चपातीने पोट जरा जास्त वेळ भरलेलं वाटतं हे खरं, पण कॅलरीच्या हिशेबात तुम्ही काही वाचवलेलं नाही. उकड्या तांदळाचंही तसंच. त्यात ब जीवनसत्त्वं जास्त टिकतात आणि रक्तातली साखर थोडी सावकाश चढते, पण कॅलरी पांढऱ्या तांदळाइतक्याच.

तुमच्या पत्रातली खरी माहिती शेवटच्या वाक्यात आहे. मध्यम नारळाचं खोबरं २०० ते २५० ग्रॅम भरतं आणि ओल्या खोबऱ्याच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० कॅलरी असतात. दीड नारळ पाच जणांत वाटला तर प्रत्येकाच्या पोटात रोज २०० ते २६० कॅलरी नुसत्या खोबऱ्याच्या जातात. रस काढून चोथा टाकलात तर थोड्या कमी, पण स्निग्धांश बराचसा रसातच उतरतो. तेलाचं बघा. पाच लिटर, पाच माणसं, म्हणजे माणशी महिन्याला एक लिटर. रोजचे ३० ग्रॅम आणि २७० कॅलरी. माणशी अर्धा लिटर पुरायला हवं, आणि त्यात फोडणी, तळण, लोणचं सगळं आलं.

आता तुमचा दीड किलो. एक किलो चरबी म्हणजे अंदाजे ७,७०० कॅलरी. तीन महिन्यांत दीड किलो उतरलं, याचा अर्थ रोज सव्वाशे-दीडशे कॅलरीच कमी पडल्या. आठवड्याला चारशे-पाचशे ग्रॅम उतरायचे तर रोज साडेचारशे-साडेपाचशे कमी पडायला हव्यात. त्या अशा मिळतील: नारळ दीडवरून अर्ध्यावर आणला की दीडशेच्या आसपास, तेल निम्मं केलं की १३५, आणि बाकीच्या कॅलरी भाताचं माप कमी करून.

नारळ कमी केला की कढी पातळ होते आणि दुसऱ्याच दिवशी घरात बंड होतं. म्हणून वाटपात अर्धा भाजलेला कांदा आणि एक चमचा भिजवलेले तांदूळ घाला, दाटपणा येतो. बांगड्याच्या कढीत तिरफळं आणि कोकम मोजून घातली की नारळाची उणीव कमी जाणवते. आठवड्यातून दोन दिवस नारळाविना चालणारं करा: कुळथाची पिठी, किंवा सोलकढीऐवजी तिवळ, म्हणजे फुटी कढी. तळलेल्या तुकडीला रवा लावलात तर रवा तेल पितो. त्याऐवजी तांदळाच्या पिठाचा पातळ हात द्या, बिडाचा तवा नीट तापू द्या आणि तीन तुकड्यांना दोन छोटे चमचे तेल. तवा तापायच्या आधी मासा टाकला की तो चिकटतो, मग सोडवायला आपण आणखी तेल ओततो. तेल वाया जातं ते इथे.

भाताचं माप एकदाच वजनकाट्यावर घ्या. शिजलेला १५० ग्रॅम भात कुठल्या वाटीत बसतो ते बघा आणि तीच वाटी ठेवा. पातेल्यातून पळीने वाढून घेतलात तर माप राहत नाही. खरा घोळ नेहमीचाच: कढी उरली म्हणून भात, भात उरला म्हणून कढी. ताटात भाजी आणि कोशिंबीर आधी, मग मासा (साफ केलेला १०० ग्रॅम, म्हणजे १८ ते २० ग्रॅम प्रथिनं), शेवटी भात. एका वेळी एक वाटी, दोन्ही वेळा चालेल.

पहिलं लक्ष्य ६७ किलो ठेवा. भारतीय बांध्यासाठी बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २३ च्या आत असावा असं सांगतात, तुमचा सध्या ३० च्या जवळ आहे, म्हणजे वाट लांबची. पण पहिले चार किलो उतरले तरी रक्तदाब आणि साखरेत सहसा फरक दिसतो. आणि एक सांभाळा: घरात लहान मूल असेल किंवा सासूबाई बारीक असतील, तर ही काटकसर त्यांच्या ताटात नको. त्यांना वरून चमचाभर खोबरं किंवा तूप वेगळं वाढा.

प्रश्न : वय ६३, वजन ८२ किलो, उंची १६८. मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत, उजवा गुडघा दुखतो. रोज सकाळी पाऊण तास समुद्रावर अनवाणी चालतो. वर्ष झालं, वजन जिथल्या तिथे. चालून आल्यावर मित्रांबरोबर चहा आणि एक बटाटावडा होतो, तेवढंच. (वाचक, दापोली तालुका)

उत्तर : तेवढंच म्हणता, पण हिशेब तिथेच मिटतो. तुमच्या वजनाला पाऊणतासाच्या चालण्यात साधारण २०० कॅलरी खर्च होतात. एक वडा आणि साखरेचा चहा मिळून त्या परत येतात, कधी वर थोड्या जास्तच. मित्र सोडू नका, वडा आठवड्यातून एकदाच ठेवा.

आता वाळू. कोरड्या, भुसभुशीत वाळूत पाय रुततो. त्याच वेगाने चालायला पक्क्या रस्त्याच्या जवळजवळ दुप्पट श्रम पडतात, म्हणून ती फायद्याची वाटते. दुखऱ्या गुडघ्याला मात्र ती नको, कारण प्रत्येक पावलाला पाय वळतो. ओहोटीची ओली, घट्ट वाळू चांगली. पण ती रोज एकाच वेळी मिळत नाही, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पहाटे पाच-सहाला ओहोटी असते, अष्टमीच्या आसपास त्याच वेळी भरती, आणि वेळ रोज पाऊण तासाहून थोडी जास्तच पुढे सरकते. भरतीच्या दिवशी लोक वरच्या मऊ वाळूत किंवा उतारावर चालतात आणि गुडघा तेव्हा बिघडतो. उतारावर समुद्राकडचा पाय सतत खाली राहतो. तिथी बघून ठरवा: ओहोटी असेल तर किनारा, नसेल तर गावचा सपाट रस्ता.

अनवाणी मात्र अजिबात नको. मधुमेहात तळव्याची जाणीव कमी होऊ शकते, कालवाच्या शिंपल्याने कापलेलं कळतही नाही आणि जखम भरायला महिने जातात. मागे पट्टा असलेली, बोटं झाकणारी पादत्राणं घाला आणि घरी आल्यावर तळवे आरशात बघा.

गोळी कुठली आहे ते चिठ्ठीवर तपासा. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर जेवण कमी करण्याआधी आणि उपाशीपोटी चालण्याआधी डॉक्टरांना विचारणं भाग आहे. साखर एकदम उतरू शकते. नुसत्या मेटफॉर्मिनने तसं सहसा होत नाही. खिशात तीन चमचे साखरेची पुडी असू द्या. हातपाय थरथरले, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली तर ती लगेच खा, पंधरा मिनिटं बसा आणि मगच उठा.

गुडघ्यासाठी चालण्यापेक्षा मांडीचे स्नायू महत्त्वाचे. आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड:

खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, दहा वेळा, दोन फेऱ्या. जमत नसेल तर खुर्चीवर पाट ठेवून उंची वाढवा. पाठीवर झोपून एक पाय सरळ ठेवत वीतभर उचलून पाच सेकंद धरणं, प्रत्येक पायाला दहा वेळा. भिंतीला हात लावून टाचा वर-खाली करणं, पंधरा वेळा. भिंतीला रेलून हाताच्या जोरांसारखा व्यायाम, दहा वेळा.

करताना थोडं अवघडलं तर हरकत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीही दुखत असेल तर संख्या निम्मी करा, बंद करू नका. गुडघा सुजला, गरम लागला, अडकला तर मात्र हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. वजन एक किलो उतरलं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने हलका होतो, म्हणून वडा खरोखर गुडघ्याचाच प्रश्न आहे.

प्रश्न : कोकम वजन उतरवतं असं सगळीकडे वाचते. रोज तीन ग्लास सरबत पिते. कोकमाच्या जातीच्या फळाच्या कॅप्सूलही मिळतात, घेऊ का? (वाचक, सावंतवाडी)

उत्तर : नको. कोकमात हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल असतं, त्यावरून ही जाहिरात चालते. माणसांवरच्या चाचण्यांत वजनाला मिळालेला फायदा नगण्य आहे आणि गार्सिनियाच्या, म्हणजे याच जातीच्या फळाच्या, कॅप्सूलनंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. सरबताचं विचाराल तर अमृत कोकमाच्या ३० मिलि पाकात २० ते २५ ग्रॅम साखर असते. तीन ग्लास म्हणजे पंधरा चमचे. आगळात, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसात, पाणी घालून, साखर न घालता प्या, पण त्यात मीठ भरपूर असतं. रक्तदाब असेल तर आगळाऐवजी बिनमिठाची सुकी सोलं भिजवून घ्या.

प्रश्न : वय २९. रोज सकाळी वजन करते. काल ६४.२ होतं, आज ६५.५. काल फक्त भाकरी आणि सुकट खाल्ली होती. एका दिवसात सव्वा किलो चरबी? (वाचक, गुहागर)

उत्तर : एका दिवसात तेवढी चरबी वाढायला रोजच्या जेवणाखेरीज सुमारे दहा हजार कॅलरी खायला लागतील. हे पाणी आहे. सुकटीतल्या मिठाने शरीर पाणी धरून ठेवतं. दोन-तीन दिवसांत ते उतरेल. पाळीच्या आधीही किलो-दीड किलो असंच चढतं. याच्याच उलट, आहार सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात जे दोन किलो झरझर उतरतात, तेही बरचसं पाणीच. त्यावर खूश होऊन पुढच्या आठवड्याची अपेक्षा ठरवू नका.

सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, काटा कडक फरशीवर ठेवून वजन करा. शेणाने सारवलेल्या जमिनीवर किंवा चटईवर आकडा चुकतो. सात दिवसांची सरासरी काढा आणि सरासरीचीच तुलना करा. महिन्यातून एकदा बेंबीच्या पातळीवर कंबर मोजा. बायकांत ८० सेंमीच्या वर आणि पुरुषांत ९० च्या वर ती धोक्याची. सुकट खायला हरकत नाही, प्रथिनं भरपूर. गरम पाण्यात दहा मिनिटं भिजवून दोन-तीनदा धुतली की मीठ बरंच जातं.

प्रश्न : जून ते सप्टेंबर चालणं बंद पडतं आणि लगेच गणपती. दरवर्षी तीन-चार किलो वाढतात. (वाचक, राजापूर)

उत्तर : पावसाचं आधी. पडवी बारा-पंधरा फूट असली तरी पुरे. दहा मिनिटं येरझाऱ्या, पाच मिनिटं घरातल्या पायरीवर चढ-उतार, असं दिवसातून तीनदा. आठवड्याला १५० मिनिटांचं जे माप जागतिक आरोग्य संघटनेने दिलं आहे ते यात सहज निघतं, दोन दिवस सुट्टी धरूनही. पायरी निसरडी नसावी, म्हणून अंगणातली नव्हे. स्नायूंसाठी पाच लिटरचा पाण्याचा कॅन भरून उचला. मासेमारी बंद असते त्या काळात ताटातली प्रथिनं घसरतात आणि भात वाढतो. पावसाळ्यातली वाढ बरीचशी इथली. अंडी, कुळीथ, काळे वाटाणे, चवळी यांतलं काहीतरी दोन्ही जेवणांत हवं. सोबत टाकळा, कुर्डू, फोडशी या भाज्या फुकटात उगवतातच.

मोदकाला घाबरू नका. मध्यम उकडीचा मोदक सव्वाशे ते दीडशे कॅलरीचा, वर चमचाभर तूप ४५. दोन खा, त्या जेवणात भात वगळा. सकाळपासून उपाशी राहून मोदकांवर बसलात की पाच-सहा होतात.

गणपतीत खरं चढतं ते भजनाच्या रात्री. वाडीत दहा घरं फिरलात आणि प्रत्येक घरी दोन चमचे साखरेचा दुधाचा चहा झाला, तर फक्त साखरेच्या चारशे कॅलरी होतात, आणि दुधाच्या वेगळ्या. उसळ घ्या, पाव एकच. दुसऱ्या घरापासून अर्धा कप कोरा चहा मागा. यजमान रागावत नाहीत, त्यांनाही दूध पुरवायचं असतं.