उपचार संपले, तरी वाढीकडे लक्ष हवं

प्रश्न : मुलगी साडेसात वर्षांची आहे. चौथ्या वर्षी ब्लड कॅन्सर झाला. किमो झाली, डोक्याला लाइटही (रेडिएशन) दिली. आता आजार नाही. वर्गात सगळ्यांत उंच दिसते, पण दिवाळीपासून छातीला गाठीसारखं लागतं. घरचे म्हणतात, अंगानं भरतेय, चांगलंच आहे. दाखवायचं का?
– एक आई, जिंतूर

उत्तर : ताई, याच महिन्यात दाखवा. आजार परतला म्हणून घाबरू नका. बहुधा ही वयात येण्याची पहिली खूण आहे. गाठ चोळू नका. मात्र आठ वर्षांच्या आत हे सुरू होणं अकाली आहे. मेंदूला लाइट दिलेल्या मुलांत, त्यातही मुलींत, असं घडतं. त्याच लाइटनं वाढीचं हार्मोनही कमी पडू शकतं, पण वयात येतानाचा उंचीचा झपाटा ती कमतरता झाकून टाकतो. हाडं लवकर पिकतात, वाढ लवकर थांबते आणि आज उंच दिसणारं लेकरू पुढे बुटकं राहतं. म्हणून उंचीवर समाधान मानू नका.

बालहार्मोनतज्ज्ञ डाव्या पंजाचा आणि मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघतील. गरज असेल तर वयात येणं थोपवणारं ल्युप्रोलाइडचं इंजेक्शन महिन्याला किंवा तीन महिन्यांनी देतात. थायरॉइडसाठी नुसता टीएसएच, म्हणजे थायरॉइडला चालना देणारं हार्मोन, तपासून पुरत नाही. टीएसएच सोडणारी मेंदूखालची पीयूषिका ग्रंथीच दुखावली असेल तर तो नॉर्मल येतो आणि दोष सुटतो. फ्री टी-फोर, म्हणजे थायरॉइडच्या स्वतःच्या हार्मोनची तपासणी, सोबत करून घ्या. सकाळी आठचं कॉर्टिसॉलही (शरीराला ताण झेलायला लागणारं हार्मोन) विचारा. ते कमी असताना आधी थायरॉइडची गोळी सुरू केली तर जिवावर बेतू शकतं.

घरी गुढीपाडव्याला आणि दसऱ्याला उंची मोजा : वेणी सोडून, अनवाणी, टाचा भिंतीला टेकवून, डोक्यावर जाड पुठ्ठ्याचं पुस्तक आडवं धरून. भिंतीवरची खूण स्टीलच्या टेपनं मोजा, तारखेसह वहीत लिहा. जाताना जुनी फाइल न्याच. लाइट किती ग्रे (रेडिएशनचं माप) दिली, हे त्यातच सापडतं.

प्रश्न : मुलाला लहानपणी हॉजकिन लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) होता. आता अठराचा आहे, मिसरूड फुटलं, आवाज फुटला. म्हणजे सगळं ठीक ना?
– एक वडील, लातूर

उत्तर : त्यावरून पुरुष हार्मोन तयार होतंय एवढंच कळतं. शुक्राणू तयार करणाऱ्या पेशी त्याहून नाजूक. सायक्लोफॉस्फमाइड, प्रोकार्बाझिन या किमोच्या औषधांनी त्या आधी मरतात. त्याच्याशी बोलून, त्याची तयारी असेल तेव्हा वीर्यतपासणी करा. एक रिपोर्ट वाईट आला म्हणून शेवट समजू नका, काहींत वर्षांनी सुधारणा होते. मानेला लाइट दिली असेल तर तिथल्या थायरॉइडसाठी टीएसएच दरवर्षी, आणि डॉक्टरांकडून मान चाचपून घेणंही दरवर्षी.