प्रवास प्रश्नोत्तरे : पाल्मा शहरातील चार दिवस

भूमध्य समुद्रातील मायोर्का हे स्पेनचे बेट आणि त्या बेटावरचे पाल्मा हे मुख्य शहर यांविषयी वाचकांची अनेक पत्रे आली आहेत. परदेशी राहणाऱ्या मराठी कुटुंबांची संख्या वाढल्यापासून लंडन किंवा बार्सेलोनाला जोडून तीन-चार दिवसांची ही सुट्टी घेण्याकडे कल दिसतो. निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : आम्ही दोघे पती-पत्नी बार्सेलोनाहून चार दिवसांसाठी पाल्माला जाणार आहोत. एका प्रवासी कंपनीने दिलेल्या कार्यक्रमात पहिल्या दिवशी कॅथीड्रलसाठी पाऊण तास असून पुढचे तीनही दिवस बसने गुहा, मोत्यांचा कारखाना, डोंगरातली गावे आणि वेगवेगळे समुद्रकिनारे दाखवले जाणार आहेत. हा कार्यक्रम योग्य आहे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : कार्यक्रम पार पडेल, पण तो माझ्या मते उलटा बांधला आहे. मायोर्का साडेतीन हजार चौरस किलोमीटरहून मोठे आहे आणि पूर्व किनाऱ्यावरच्या ड्राकच्या गुहा पाल्मापासून साठ किलोमीटरच्या पुढे आहेत. म्हणजे आपली सुट्टी बसच्या खिडकीतून जाईल आणि ज्या शहरात आपण मुक्काम करणार ते अंधार पडल्यावर तेवढे दिसेल. चारांपैकी तीन दिवस शहराला द्यावेत आणि एकच दिवस बाहेर जावे, असे मी सुचवेन.

पाल्माचे जुने शहर पायी फिरण्याजोगे आहे. त्याच्याभोवतीची तटबंदी 1902 पासून पाडली गेली आणि तिच्या जागी रुंद रस्ते आले. त्यांच्या आतला भाग म्हणजेच पाहण्यासारखे पाल्मा. रोमनांनी इसवी सनापूर्वी 123 मध्ये हे बेट जिंकून येथे वसाहत केली, पुढे सुमारे तीन शतके मुसलमानी अमलाखाली याचे नाव मदिना मायुर्का होते, आणि 1229 च्या अखेरीस आरागॉनचा राजा पहिला जाउमे याने ते घेतले. त्या मुसलमानी शहराचे आज जमिनीवर फारसे काही उरलेले नाही. जे उरले त्यात कॅथीड्रलच्या मागच्या गल्लीतील अरबी स्नानगृह आहे : एक लहानशी चौकोनी खोली, वर झरोके असलेला घुमट आणि त्याला तोलणारे बारा खांब. त्या खांबांची शीर्षे एकमेकांशी जुळत नाहीत, कारण ती आधीच्या इमारतींतून काढून आणून बसवलेली आहेत. बहुतेक प्रवासी येथे पाच मिनिटांत फोटो काढून निघतात. आपण खांबांच्या शीर्षांकडे एकेक करून पाहावे.

कॅथीड्रलला पाऊण तास मुळीच पुरणार नाही आणि वेळही नेमकी साधावी लागेल. ‘ला सेऊ’ या नावाने ओळखले जाणारे हे कॅथीड्रल मुख्य मशिदीच्या जागेवर तेराव्या शतकात सुरू झाले आणि 1601 मध्ये पूर्ण झाले. मधल्या दालनाची उंची सुमारे 44 मीटर आहे, तरीही ते पेलणारे अष्टकोनी खांब इतके सडपातळ आहेत की आत शिरल्यावर प्रथम जाणवतो तो मोकळेपणा. वेदीच्या वर पूर्वेकडे जवळपास 13 मीटर व्यासाची, हजाराहून अधिक रंगीत काचांची गोल खिडकी आहे. ऊन पूर्वेचे असल्यामुळे सकाळी दार उघडताच आत गेल्यास लाल, निळे, पिवळे कवडसे खांबांवर आणि फरशीवर पडलेले दिसतात. दुपारी तीच खिडकी निस्तेज वाटते. दर वर्षी 2 फेब्रुवारी आणि 11 नोव्हेंबर या दोन दिवशी सकाळी साडेआठच्या सुमारास या खिडकीतून आलेला प्रकाश समोरच्या भिंतीवरील दुसऱ्या गोल खिडकीच्या बरोबर खाली पडतो आणि रंगांचा इंग्रजी आठचा आकडा तयार होतो; तो पाहण्यासाठी गावकरी पहाटेपासून रांग लावतात.

आत आणखी दोन गोष्टींसाठी थांबावे. बार्सेलोनात आपण आंतोनी गाउदी या स्थपतीचे काम पाहणार असालच. त्याच गाउदीने 1904 पासून दहा वर्षे या कॅथीड्रलच्या अंतर्भागाची फेरमांडणी केली. वेदीवर टांगलेले दिव्यांचे छत्र त्याचे आहे. ते खरे तर पुठ्ठा, लाकूड, कापड अशा साध्या साहित्याचा नमुना म्हणून 1912 मध्ये टांगले गेले. पक्के छत्र कधी झालेच नाही आणि नमुनाच शंभर वर्षांहून अधिक काळ लटकतो आहे. दुसरी गोष्ट म्हणजे मायोर्कातच जन्मलेला चित्रकार मिकेल बार्सेलो याने भाजलेल्या मातीने मढवलेले, 2007 मध्ये खुले झालेले उजवीकडचे चॅपल, म्हणजे लहान प्रार्थनागृह. त्या भिंतींवर मासे, भाकरी, फळे उमटली आहेत आणि मातीला मुद्दाम तडे जाऊ दिले आहेत. काही भाविकांना ते पटलेले नाही, मला मात्र ते फार आवडते.

दुपारी दीड-दोनच्या पुढे लहान दुकाने बंद होतात ती साडेचार-पाचला उघडतात. या वेळेत हट्टाने हिंडू नये. जेवून विश्रांती घ्यावी. संध्याकाळी बॉर्नच्या झाडांखालून चालावे. बॉर्न आणि रांब्ला हे शहरातील दोन मोठे हमरस्ते असे वळणदार का, याचे कारण असे की तेथून पूर्वी ओढा वाहत असे. 1403 मध्ये त्याला आलेल्या पुरात हजारो माणसे दगावली आणि सतराव्या शतकात त्याचा प्रवाह तटाबाहेर वळवण्यात आला. तेथून जवळच व्यापाऱ्यांची पंधराव्या शतकातील पेढी ‘ल्योत्जा’ आहे. गिल्येम साग्रेरा या स्थपतीने तिच्यात उभे केलेले खांब पिळलेल्या दोरासारखे वर चढत जातात आणि छताला लागताच फांद्यांसारखे फुटतात. जुन्या श्रीमंत घराण्यांच्या वाड्यांचे चौक हाही पाल्माचा खास विशेष आहे. लोखंडी जाळीचे दार उघडे दिसले तर दारातून जिना, विहीर आणि कमानी पाहण्यास कोणाची हरकत नसते. चौसोपी वाड्यात वाढलेल्या माणसाला हे चौक परके वाटणार नाहीत.

एक सूचना वार ठरवताना लक्षात ठेवावी. रविवारी कॅथीड्रल पर्यटकांसाठी बंद असते, तर कॅथीड्रलशेजारचा अल्मुदाइना राजवाडा आणि टेकडीवरचा बेलवेर किल्ला सोमवारी बंद असतात. शनिवारी संध्याकाळी पोहोचून मंगळवारी सकाळी निघणाऱ्यांची यात पंचाईत होते.

प्रश्न : आम्ही कडक शाकाहारी आहोत, अंडीही खात नाही. तेथे आमचे कसे होईल? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : उपाशी राहणार नाही, परंतु विचारल्याशिवाय काहीही तोंडात घालू नये. पाल्माची सर्वांत प्रसिद्ध मिठाई म्हणजे एन्साइमादा : शंखासारखी गुंडाळलेली, वर पिठीसाखर भुरभुरलेली मऊ रोटी. विमानतळावर परतीच्या प्रवाशांच्या हातात दोरीने बांधलेले अष्टकोनी पुठ्ठ्याचे खोके दिसतात, त्यात हीच असते. दिसायला ती निरुपद्रवी आहे, पण तिचे पदर डुकराच्या चरबीने सुटे केलेले असतात आणि पिठात अंडेही असते. भाज्या पसरून भाजलेल्या ‘कोका’ नावाच्या पोळीच्या कणकेतही ही चरबी असू शकते. वेष्टनावर ‘मान्तेका दे सेर्दो’ असे लिहिले असेल तर ती वस्तू आपल्यासाठी नाही. ‘मान्तेकिया’ म्हणजे मात्र साधे लोणी. दोन्हींत गोंधळ होऊ देऊ नये.

आपल्यासाठी पहिली निवड तुम्बेट असावी. वांगी, बटाटे आणि लाल भोपळी मिरची यांचे काप ऑलिव्ह तेलात निरनिराळे तळून थरांवर थर रचायचे आणि वर लसणाचा दाट टोमॅटो रस्सा ओतायचा, असा हा पदार्थ मुळातच शाकाहारी आहे. काही ठिकाणी त्याच्यासोबत मासा किंवा अंडे वाढतात, तेवढे नको म्हणून सांगावे. दुसरा पदार्थ ‘पा आम्ब ओली’, म्हणजे गव्हाच्या तपकिरी पावाच्या कापावर पिकलेला टोमॅटो चोळून वर ऑलिव्ह तेल आणि मीठ. तो हॅमऐवजी (म्हणजे डुकराच्या खारवलेल्या मांसाऐवजी) चीज घालून मागावा. चीजसाठी दूध गोठवायला वापरलेले, वासराच्या जठरातील रेनेट चालत नसेल, तर नुसता टोमॅटोचा घ्यावा. ओलिवार आणि सांता कातालिना या दोन मंडयांत सकाळी फळे, ऑलिव्ह, बदाम आणि ताजा पाव उत्तम मिळतो. नाश्ता खोलीवरच करायचा झाला तर याहून चांगले काही नाही.

‘शाकाहारी’ एवढे सांगून भागत नाही, कारण हॅमचे चार तुकडे भाजीत पडले तरी काहींच्या लेखी ती भाजीच असते. ‘सिन कार्ने, सिन हामोन, सिन पेस्कादो, सिन उएवो’ हे चार शब्द-जोड कागदावर लिहून वेटरपुढे धरावेत : मांस, हॅम, मासा आणि अंडे यांच्याविना. रात्रीचे जेवण साडेआठच्या आधी बऱ्याच ठिकाणी सुरूच होत नाही, तेव्हा सातला जेवणाऱ्यांनी संध्याकाळी काहीतरी खाऊन घ्यावे.

प्रश्न : मी नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये स्लाव येथे राहते. मे महिन्यात नाशिकहून आई-बाबा येत आहेत. त्यांच्याकडे ब्रिटनचा व्हिसा आहे. आम्हा तिघांना चार दिवस पाल्माला जाता येईल का? आईचे गुडघे दुखतात. (एक वाचक, स्लाव)

उत्तर : ब्रिटनच्या व्हिसावर स्पेनमध्ये प्रवेश मिळत नाही. आपल्यासह ज्यांच्याकडे भारतीय पासपोर्ट आहे त्या प्रत्येकाला शेंगेन व्हिसा, म्हणजे स्पेनसह युरोपातील अनेक देशांचा सामाईक व्हिसा, लागेल. अर्ज सहसा जेथे आपले कायदेशीर वास्तव्य असते त्या देशातून करावयाचा असतो. त्यामुळे आपण ब्रिटनमधून आणि आई-बाबांनी भारतातून, ब्रिटनला येण्यापूर्वीच, अर्ज करणे शहाणपणाचे ठरेल. ‘येथे आल्यावर पाहू’ या विचाराने अनेकांची सहल बुडते. प्रौढांसाठी शुल्क 90 युरो आहे, शिवाय अर्ज स्वीकारणाऱ्या व्हिसा केंद्राचा सेवाआकार वेगळा. प्रवास विम्याचे संरक्षण किमान 30,000 युरोंचे हवे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि निर्णयासाठी साधारण पंधरा दिवस धरले जातात, पण मे-जूनसाठी भेटीची वेळ मिळणे हेच अवघड असते.

आईंच्या दृष्टीने पाल्मा तसे सोयीचे आहे. जुन्या शहरात चढ सौम्य आहेत, समुद्रालगतचा पोर्तिशोल या लहान बंदरापर्यंतचा रस्ता सपाट आहे आणि वाटेत बसायला बाके आहेत. कॅथीड्रलच्या गच्चीवर जाण्यासाठी दोनशेहून अधिक पायऱ्या चढाव्या लागतात, तो भाग सोडून द्यावा. बेलवेर किल्ल्यावर मात्र टॅक्सीने जावेच. चौदाव्या शतकाच्या आरंभी बांधलेला, पूर्ण गोल आकाराचा हा किल्ला पाइनच्या रानातील टेकडीवर आहे, आणि तेथून शहर, बंदर आणि अख्खा उपसागर एका नजरेत येतो. लेखक आणि राजकारणी होवेयानोस याला 1802 ते 1808 याच किल्ल्यात कैदेत ठेवले होते.

बाहेरच्या एका दिवसासाठी सोयेरची रेल्वे योग्य. ही लाकडी डब्यांची गाडी 1912 पासून धावते आहे. प्लासा द’एस्पान्याजवळच्या छोट्या स्थानकातून निघून ती बदाम आणि ऑलिव्हच्या बागांतून जाते, नंतर तेरा बोगद्यांतून त्रामुंताना डोंगर ओलांडते आणि 27 किलोमीटरचे अंतर तासाभरात कापून संत्र्यांच्या खोऱ्यात उतरते. आपल्या माथेरानच्या गाडीहून ती रुंद आहे आणि बरीच वेगवान. जाताना डाव्या बाजूची जागा मिळवावी. सोयेर स्थानकासमोरून तितकीच जुनी ट्राम थेट बंदरापर्यंत नेते, म्हणजे आईंना कोठेही फार चालावे लागणार नाही. तिकीट स्वस्त नाही. बाबांना संगीताची आवड असेल तर त्याऐवजी वाल्देमोसाला जावे. तेथील मठात 1838-39 च्या हिवाळ्यात पोलिश संगीतकार शोपँ आणि फ्रेंच लेखिका जॉर्ज सांद राहिले होते, आणि आजारी शोपँने ‘प्रेल्यूड्स’ या आपल्या छोट्या पियानो-रचनांचा संच तेथे पुरा केला. त्या गावात दगडी उतार बरेच आहेत, हे मात्र ध्यानात घ्यावे.

प्रश्न : तेथील रहिवासी पर्यटकांविरुद्ध मोर्चे काढतात असे वाचले. मग जावे की नाही? आणि गेलो तर कोणत्या महिन्यात? (एक वाचक, पुणे)

उत्तर : मोर्चे निघाले हे खरे आहे, 2024 च्या उन्हाळ्यात पाल्माच्या रस्त्यांवर हजारो लोक उतरले होते. त्यांचा मुख्य रोख घरांच्या किमतींवर आहे. पाल्माच्या विमानतळावरून वर्षाला तीन कोटींहून अधिक प्रवासी ये-जा करतात आणि शहराची लोकसंख्या साडेचार लाखांच्याही आत आहे. राहती घरे पर्यटकांना भाड्याने जाऊ लागली तर शिक्षिका, परिचारिका, वेटर यांनी कोठे राहायचे, हा त्यांचा प्रश्न आहे आणि तो रास्त आहे. नगरपालिकेने 2018 मध्ये इमारतींतील फ्लॅट पर्यटकांना देण्यावर बंदी घातली. मोठी पर्यटक जहाजे दिवसाला तीनपेक्षा अधिक लागू नयेत, असा करारही 2022 पासून अमलात आहे.

म्हणून जाऊ नये असे नाही; परवाना असलेल्या हॉटेलात किंवा अतिथिगृहात राहावे आणि कोणी स्वस्तात फ्लॅट देऊ केला तरी घेऊ नये. हॉटेलच्या बिलावर दर माणशी, दर रात्री एक ते चार युरोंचा पर्यटन कर वेगळा लागतो. हॉटेलचा दर्जा वाढेल तसा तो वाढतो. 16 वर्षांखालील मुलांना तो माफ आहे आणि नोव्हेंबर ते एप्रिलमध्ये बराच कमी होतो.

महिन्याबाबत माझे मत स्पष्ट आहे : जुलै-ऑगस्ट टाळावेत. ऊन तिशीच्या पुढे जाते, दर दुप्पट होतात आणि कॅथीड्रलसमोर उभे राहायला जागा नसते. मेचा उत्तरार्ध आणि सप्टेंबरचा शेवट ते मध्य ऑक्टोबर हा काळ उत्तम. समुद्रात डुंबायचे असेल तर यातला दुसरा निवडावा, कारण उन्हाळाभर तापलेले पाणी तेव्हा कोमट असते आणि मेमध्ये ते आपल्याला गारच वाटेल. जूनअखेरीस सूर्य रात्री सव्वानऊनंतर मावळतो, हे ज्यांना दिवस लांबवायचा आहे त्यांच्या सोयीचे आहे. केवळ शहर पाहायचे असेल तर फेब्रुवारीही वाईट नाही. त्या सुमारास बदाम फुललेले असतात आणि हॉटेले स्वस्त असतात, पण अंगावर स्वेटर हवा आणि छत्री जवळ ठेवावी.