ओमानला शिकवायला निघालात? आधी ‘मोड ऑफ स्टडी’चा रकाना बघा

सर, तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि झोपच उडाली. सांगलीकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात अकरा वर्षं नोकरी, नोकरी सांभाळून पार्ट-टाइम एम.ई., मग पीएच.डी., आता ओमानमधल्या एका खाजगी कॉलेजची ऑफर. एजंट म्हणतोय, ‘अटेस्टेशन झालं की बास, बाकीचं तिकडं गेल्यावर कॉलेज बघेल.’ आणि तुमचा प्रश्न काय, तर तिकडं संशोधनाला वातावरण कसं आहे! गावाचं नाव बदललं तर ही माझीच २०१३ सालची पोस्ट आहे. फरक एवढाच की मी कुणाला काही विचारलं नव्हतं.

व्हिसा, मेडिकल, घरभाडं, मुलांची सीबीएसई शाळा हे सगळं इथं शोधलं की सापडेल, त्यात मी शिरत नाही. वातावरणाचंही सांगतो, पण आधी कागद. आणि आधीच सांगून ठेवतो, मी २०२० ला परत आलो. नियम बदलले असतील, खात्री तुम्ही करा.

अटेस्टेशन आणि समकक्षता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राज्याच्या शिक्षण खात्याचा शिक्का, त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिलचं स्टिकर, एवढ्यानं फक्त ‘हा कागद खरा आहे’ हे सिद्ध होतं. एकमेकांचं हे स्टिकर मानायचं, अशा अपॉस्टिलच्या करारात ओमान २०१२ पासून आहे, त्यामुळं हा भाग सोपा झालाय. पण तुमची पदवी त्यांच्या कुठल्या पदवीच्या बरोबरीची धरायची, हे तिथलं उच्च शिक्षण खातं ठरवतं. त्याला तिकडं ‘मुआदला’ म्हणतात. मुआदला हातात नसेल तर ऑफर लेटरवर असिस्टंट प्रोफेसर लिहिलेलं असो नाहीतर कुलगुरू, कॉलेज तुम्हाला त्या पदावर दाखवू शकत नाही. निदान माझ्या वेळी तरी असंच होतं.

आता माझी घोडचूक. त्या अर्जात एक रकाना होता, शिक्षण कुठल्या पद्धतीनं घेतलं. एजंटच्या ऑफिसातल्या पोरानं फॉर्म पुढं सरकवला आणि म्हणाला, ‘सर, रेग्युलरवर टिक करा, सगळे तेच करतात.’ माझं एम.ई. पार्ट-टाइम, दोनाऐवजी तीन वर्षांचं. पदवी प्रमाणपत्रावर तसं कुठंच लिहिलेलं नाही. मी म्हटलं, संध्याकाळचे वर्ग का होईना, रोज हजेरी लावून केलंय, म्हणजे रेग्युलरच की! केली टिक. पेनसुद्धा त्या पोराचंच होतं.

तिकडं रुजू झालो. तीन महिन्यांनी निरोप आला की पदवी खरी असल्याचं आणि शिक्षणाची पद्धत सांगणारं पत्र विद्यापीठाकडून आणा. आता विद्यापीठाचं नाव घेत नाही, पण तिथल्या एका खिडकीनं माझ्या मेहुण्याला नऊ चकरा मारायला लावल्या. एकदा सहीचे साहेब रजेवर, एकदा आवक नंबर पडला नाही, एकदा ‘असलं पत्र आम्ही देतच नाही’, आणि पुढच्या खेपेला त्याच माणसानं छापील नमुना काढून दाखवला. एका पानाच्या पत्राला सात महिने! आणि आलं तेव्हा त्यात स्वच्छ लिहिलेलं, उमेदवारानं हा अभ्यासक्रम अंशकालीन म्हणून पूर्ण केला. चूक काहीच नाही, खरं तेच लिहिलं होतं. फक्त माझ्या अर्जात दुसरंच होतं.

झालं. फाइल बाजूला पडली. नाकारली असती तर परवडलं असतं, निदान अपील करता आलं असतं. खुलासा द्या, मूळ ट्रान्स्क्रिप्ट द्या, त्याचं अरबी भाषांतर द्या, असं करत एकूण चौदा महिने मी कागदोपत्री लॅब इन्स्ट्रक्टर होतो. महिन्याला १८० रियाल कमी, म्हणजे तेव्हाच्या भावानं सगळे मिळून चार लाखांच्या आसपास गेले. पार्ट-टाइम पदवी मुळात चालत होती की नाही, हा प्रश्न शेवटपर्यंत कुणी विचारलाच नाही. अडलं ते दोन कागद जुळत नव्हते म्हणून.

तेव्हा तुम्ही खरं तेच भरा आणि सोबत तासिकांचा, हजेरीचा हिशोब देणारं पत्र आत्ताच काढून घ्या, राजीनामा देण्याआधी. राजीनामा तर देऊच नका, बिनपगारी रजा किंवा लीन (मूळ जागेवरचा हक्क राखून बाहेर जाणं) मिळतंय का ते बघा. फक्त ओमानमध्येच असं होतं असं समजू नका. कुवेतमध्ये २०१८ ला आपल्या इंजिनिअरांचं काय झालं आठवतंय? कॉलेजला एनबीएची, म्हणजे आपल्याकडच्या राष्ट्रीय मूल्यांकन मंडळाची, मान्यता नाही म्हणून वर्षानुवर्षं तिथं काम करणाऱ्यांचे राहण्याचे परवाने अडकले. अनुभव वीस वर्षांचा, आणि पेच बावीस वर्षांपूर्वीच्या कॉलेजचा.

जाता जाता आणखी एक. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, वडिलांचं नाव, वर आईचंही. पासपोर्टवर क्रम वेगळा. भाषांतरकारानं माझ्या नावात आईचं नावही गुंफून टाकलं होतं. शिवाय अरबीत ‘प’ नाही, त्यामुळं पाटलांचा ‘बातील’ होतो. ओळखपत्रावर ते बघून बायको आठवडाभर हसत होती. सगळ्या कागदांवर एकच स्पेलिंग आहे ना, तेवढं बघून घ्या.

आता तुमचा मूळ प्रश्न.

माझं मत असं की संशोधनासाठी जात असाल तर जाऊ नका. शिकवण्यासाठी जात असाल तर डोळे झाकून जा. हे मत एका देशातल्या एका कॉलेजात सात वर्षं घालवून झालेलं आहे, तेव्हा त्याचं वजन तेवढंच धरा.

पैसा नाही असं नाही. सौदीत तांबड्या समुद्राकाठी थुवलला २००९ साली किंग अब्दुल्ला विद्यापीठ उघडलं. तिथल्या प्रयोगशाळा बघून आपल्याकडच्या आयआयटीवाल्यांच्याही तोंडाला पाणी सुटेल. अमिरातीचं ‘होप’ यान फेब्रुवारी २०२१ मध्ये मंगळाच्या कक्षेत पोचलं. जुळणी झाली अमेरिकेत कोलोरॅडोत, उडालं जपानमधून, म्हणून लोक नाकं मुरडतात. मला ते पटत नाही. त्यांचे इंजिनिअर तिथं अमेरिकनांच्या शेजारी बसून शिकले, आणि शिकायचं असतं ते असंच. कतारमधल्या दोहाचं उदाहरण मात्र उलटं. तिथं टेक्सास ए अँड एम विद्यापीठाची शाखा २००३ पासून इंजिनिअर घडवतेय, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत तिकडं टेक्सासमध्ये नियामक मंडळानं मतदान करून ठरवलं की २०२८ पर्यंत ती बंद. वीस वर्षांची संस्था, आणि तिच्या आयुष्याचा निर्णय दुसऱ्या खंडातल्या बैठकीत! भाड्याच्या घरात कितीही रंगरंगोटी करा, चावी मालकाकडेच.

माणसांचंही तेच. आपण तिकडं दोन-दोन वर्षांच्या करारावर असतो. संशोधनाचा एखादा विषय मुरायला पाच-सहा वर्षं लागतात, आणि तुमचं डोकं दर दुसऱ्या उन्हाळ्यात ‘रिन्यू होईल का’ यात अडकलेलं. मी होतो तेव्हा तर नोकरी बदलायला जुन्या मालकाचं ना-हरकत पत्र लागायचं, नाहीतर दोन वर्षं देशाबाहेर. ती अट काढली जानेवारी २०२१ मध्ये, म्हणजे मी परतल्यावर! आमचं नशीब.

माझ्या शेजारच्या टेबलावर एक इराकी प्रोफेसर होते, साठीचे. ऐंशीच्या दशकात बगदादला शिकवायला लागलेले. सत्तरच्या दशकात इराकनं शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं होतं, साक्षरतेच्या मोहिमेची युनेस्कोनं दखल घेतली होती. मग १९९० नंतरचे निर्बंध आले. नियतकालिकं यायची बंद झाली आणि चलन इतकं कोसळलं की प्रोफेसरचा महिन्याचा पगार काही डॉलरांवर आला. २००३ नंतर तर तिथं प्राध्यापकांना ठार मारायला लागले. मार्च २००७ मध्ये बगदादच्या मुतनब्बी रस्त्यावर, जुन्या पुस्तकांच्या बाजारात बॉम्बस्फोट झाला. तेव्हा हे जॉर्डनमध्ये अम्मानला होते. टीव्हीवर आपल्या नेहमीच्या विक्रेत्याचं दुकान शोधत बसलो होतो, म्हणाले. हा माणूस ओमानमध्ये पहिल्या वर्षाच्या पोरांना ओहमचा नियम शिकवत होता, तोही कराराच्या नूतनीकरणाची वाट बघत. अरबांमध्ये संशोधन का होत नाही, असं कुणी विचारलं की मला आधी ते टेबल आठवतं.

आम्ही दोघांनी मिळून सोलर पॅनेलवर बसणाऱ्या धुळीवर एक प्रस्ताव लिहिला होता. तिकडं धूळ आणि दमटपणा मिळून काचेवर चिखलाचा पापुद्रा धरतो, निर्मिती चांगलीच घटते, आणि धुवायला पाणी कुठून आणणार? विषय अस्सल तिथला. पण मी कागदोपत्री इन्स्ट्रक्टर, त्यामुळं माझं नाव ‘तांत्रिक साहाय्य’ या ओळीत गेलं. मुआदला हातात आलं तोवर सरांचा करार संपून ते निघून गेले होते. पैसे मंजूर झाले होते, काम करायला माणूस उरला नाही. चार लाखांपेक्षा मला हे जास्त लागलं.

व्हॉट्सॲपवर एक वाक्य फिरतं, ‘अरबांनी हजार वर्षांत जेवढी पुस्तकं भाषांतरित केली तेवढी स्पेन एका वर्षात करतो.’ ते आलंय संयुक्त राष्ट्रांच्या २००२ च्या अरब मानव विकास अहवालातून, आणि त्या आकड्याच्या आधारावर अभ्यासकांनी तेव्हापासून आक्षेप घेतलेत. स्टाफरूममध्ये ते फेकू नका, लोक दुखावतात, आणि बरोबरच दुखावतात. ओमान संशोधनावर जीडीपीच्या अर्धा टक्काही खर्च करत नाही हे खरं, पण आपण तरी ०.६४ टक्क्यांवर आहोत. बढाई मारण्याजोगं काही नाही.

विद्यार्थ्यांचं सांगतो, म्हणजे कडवट चव जाईल. १९७० मध्ये अख्ख्या ओमानात तीन शाळा होत्या, नऊशेच्या आसपास मुलगे, मुलगी एकही नाही. सुलतान काबूस विद्यापीठ १९८६ ला सुरू झालं. माझ्या वर्गात बावीसपैकी पंधरा मुली असायच्या, आणि इंजिनिअरिंगच्या पदवीधरांत मुली ४० टक्क्यांच्या वर, असं त्या देशाचं युनेस्कोचं चित्र आहे. आजी निरक्षर आणि नात ऑसिलोस्कोपवर, हे मी दर वर्षी बघितलं.

अडचण भाषेची. पोरं बारावीपर्यंत अरबीत शिकतात, मग फाउंडेशनच्या वर्षात इंग्रजी कोंबलं जातं आणि लगेच आपण कंट्रोल सिस्टीम घेऊन उभे. पहिल्या सेमिस्टरला एक मुलगा सर्किट जोडून सारखा म्हणत होता, ‘तय्यार, तय्यार.’ मी आपला समजलो झालं तयार, आणि सप्लाय चालू केला. फ्यूज उडाला. अरबीत तय्यार म्हणजे करंट! बिचारा सांगत होता की करंट कुठून जातोय ते कळत नाहीये. त्या रात्री बसून मी पन्नास शब्दांची यादी केली. रेझिस्टन्सला मुकावमा, व्होल्टेजला जुहद. दुसऱ्या दिवशी फळ्यावर इंग्रजीशेजारी ते शब्द लिहिले (माझं अरबी अक्षर बघून पोरी तोंडाला रुमाल लावून हसल्या), आणि वर्ग बदलला. जे पोर सहा आठवडे गप्प होतं ते भांडायला लागलं. दमास्कसला वैद्यकीय शिक्षणसुद्धा अरबीतून देतात, मग ओमानात इंजिनिअरिंग अरबीतून अजिबात का नको, हे मला कधी कळलं नाही. पण आपण मराठी माणसांनी यावर किती बोलावं!

तेव्हाच एका मुलीनं मला सांगितलं की त्यांच्या आकड्यांना, ते पाच म्हणजे गोल आणि शून्य म्हणजे टिंब असलेले, अरबीत ‘हिंदी आकडे’ म्हणतात. ब्रह्मगुप्ताचं गणित आठव्या शतकात बगदादला पोचलं, पुढं तिथल्या ख्वारिज्मी या गणितज्ञानं त्यावर पुस्तक लिहिलं, हे तिला शाळेत शिकवलेलं. ख्वारिज्मी मला माहीत होता. आकड्यांचं नाव माहीत नव्हतं.

असो, फार लांबलं. तुम्ही आधी विद्यापीठाच्या खिडकीवर जा, शक्यतो मंगळवारी-बुधवारी, सोमवारी कुणी जागेवर नसतं. पत्र मिळालं की नाव खोडून त्याचा फोटो इथं टाका. ‘अंशकालीन’च्या पुढं कालावधी आणि हजेरीची ओळ आहे का, ते मी बघून सांगतो.