वाचकांचे प्रश्न : भाजीच्या वाफ्यातील सोबती

प्रश्न : माझ्या घेवड्याच्या वेलांवर दरवर्षी मावा पडतो. यंदा कीटकनाशक वापरायचे नाही, असे ठरवून मी दहा दिवस वाट पाहिली. मित्रकीटक आले नाहीत, मावा मात्र वाढतच गेला. शेवटी नाइलाजाने औषध फवारले. माझे काय चुकले?

उत्तर : आपण वाट पाहिली ते योग्यच होते, ती थोडी लवकर सोडली, एवढेच. माव्याची मादी नराशिवायही प्रजनन करते आणि अंडी न घालता थेट पिलांनाच जन्म देते. हवा अनुकूल असली, की ती पिलेही आठवड्या-दीड आठवड्यात वाढून स्वतः पिले देऊ लागतात. याउलट ढालकिड्याला, म्हणजे मावा खाणाऱ्या लेडीबर्ड भुंगेऱ्याला, आधी मावा सापडावा लागतो. मग तो माव्याच्या शेजारीच पिवळ्या अंड्यांचा पुंजका घालतो, ती अंडी फुटायला काही दिवस जातात आणि त्यांतून बाहेर पडलेल्या अळ्या थोड्या मोठ्या झाल्या, की खऱ्या अर्थाने माव्याचा फडशा पडू लागतो. म्हणजे कीड पुढे आणि तिला खाणारे दोन आठवडे मागे, हा क्रम ठरलेलाच आहे. नेमक्या याच काळात आपण फवारणी केली, तर मावा आणि त्याचे भक्षक दोघेही मरतात. पण उरलेला थोडा मावा पुन्हा भराभर वाढतो आणि भक्षकांची संख्या पूर्ववत होण्यास कितीतरी अधिक काळ लागतो. फवारणीनंतर कीड पूर्वीपेक्षा जास्त झाल्याचा अनुभव अनेकांना येतो, त्याचे एक मोठे कारण हेच आहे.

मधल्या दोन आठवड्यांत हातावर हात ठेवून बसावे, असे मात्र मी म्हणणार नाही. सकाळी पाण्याची जोरदार धार पानांच्या खालच्या बाजूने मारली, तर बराच मावा गळून पडतो आणि त्यातला पुष्कळसा पुन्हा वर चढू शकत नाही. फार माखलेले शेंडे खुडून टाकावेत. एखाद्या वेलाची अवस्था अगदीच वाईट असेल, तर एक लिटर पाण्यात साधारण 5 मिलिलिटर सौम्य द्रवरूप साबण मिसळून तेवढ्याच वेलावर, संध्याकाळी, आधी एका पानावर परिणाम पाहून मग फवारावे. हे पाणी अंगावर पडलेल्या किडीलाच मारते आणि वाळल्यावर निष्प्रभ होते. परंतु ढालकिड्याच्या मऊ अळीलाही ते मारते, हे विसरू नये. कडुनिंबाचे तेलही मी याच कारणासाठी सरसकट सर्व झाडांवर मारत नाही.

आणखी दोन गोष्टी तपासून पाहाव्यात. वेलावर मुंग्यांची ये-जा आहे का? माव्याच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड चिकट्यासाठी मुंग्या त्याची राखण करतात आणि ढालकिड्यांना हुसकावून लावतात. अशा वेळी आधारकाठ्यांना चिकटपट्टी गुंडाळून आणि जमिनीला टेकणाऱ्या फांद्या बांधून घेऊन मुंग्यांची वाट अडवली, की पुष्कळ फरक पडतो. दुसरे म्हणजे नत्रयुक्त खत जास्त तर होत नाही ना? नत्र भरपूर मिळालेली लुसलुशीत पालवी माव्याला फार मानवते.

प्रश्न : मित्रकीटक आणि कीड यांतला फरक नवख्याने कसा ओळखावा? मुळ्याच्या पानांवर काळ्या, काटेरी अळ्या दिसल्या म्हणून मी त्या चिरडल्या. नंतर कळले, की ती ढालकिड्याची पिले होती.

उत्तर : ही चूक फार जणांच्या हातून होते, आणि सुरुवातीला माझ्याही हातून झाली आहे. ढालकिडा म्हटले, की आपल्या डोळ्यांसमोर ठिपक्यांची लाल पाठ येते; त्याची अळी मात्र लांबट, काळपट, अंगावर नारिंगी खुणा असलेली आणि छोट्याशा मगरीसारखी दिसते. ती पानावर झपाझप फिरते. पाने खाणारी अळी सहसा एका जागी बसून पान कुरतडते आणि मागे विष्ठेचे काळे दाणे सोडते. चाल आणि विष्ठा या दोन खुणा लक्षात ठेवल्या, तरी निम्मे काम होते.

एक हातभिंग मात्र जरूर घ्यावे, असा माझा आग्रह आहे. गेल्या हंगामात कोबीच्या एका पानामागे मला केसाइतक्या बारीक देठांवर उभी असलेली हिरवट-पांढरी अंडी दिसली होती, वाऱ्याबरोबर किंचित हलणारी. ती क्रायसोपाची, म्हणजे जाळीदार पंखांच्या एका मित्रकीटकाची अंडी. याच्या अळ्या इतक्या खादाड असतात, की देठ नसते तर आधी फुटलेल्या अळीने शेजारची अंडीच खाल्ली असती. त्याच पानावर माव्याच्या घोळक्यात चार-पाच मावे टम्म फुगलेले, सोनेरी तपकिरी रंगाचे आणि निश्चल होते, आणि एकाच्या पाठीला सुईने पाडावे तसे वाटोळे भोक होते. परोपजीवी गांधीलमाशी माव्याच्या शरीरात अंडे घालते, तिची अळी त्याला आतून पोखरून वाढते आणि पूर्ण वाढ झालेली माशी असे भोक पाडून बाहेर पडते. अशी फुगलेली कवचे दिसली, की ते पान तोडू नये. अळीच्या अंगावर तांदळाच्या कण्यांसारखे पांढरे किंवा पिवळट कोष चिकटलेले दिसले, तर ती अळीही तशीच राहू द्यावी. ती फारसे खाणार नाही आणि तिच्या अंगावरच्या कोषांतून पुढची फौज निघेल.

प्रश्न : या कीटकांना बोलावण्यासाठी कोणती फुले लावावीत?

उत्तर : शोभेच्या दुहेरी पाकळ्यांच्या फुलांपेक्षा बारीक आणि उघडी फुले अधिक उपयोगी पडतात, कारण सिरफिड माशी (जिच्या अळ्या मावा खातात) आणि परोपजीवी गांधीलमाश्या यांची तोंडे आखूड असतात; खोल नळीतला मध त्यांना मिळत नाही. कोथिंबीर, शेपू, बडीशेप, गाजर, मोहरी यांची चार-दोन रोपे न काढता फुलू द्यावीत. वाफ्याच्या कडेने आठ-पंधरा दिवसांच्या अंतराने थोडे थोडे बी टाकत राहिले, तर फुलांचा खंड पडत नाही.

प्रश्न : बागेत पाणी आणि पालापाचोळा ठेवला, तर बेडूक येतील हे खरे, पण त्यांच्यामागे सापही येतील अशी भीती वाटते. घरात लहान मुले आहेत.

उत्तर : ही भीती रास्त आहे. पालापाचोळ्याखाली भेक, भुंगेरे आणि कोळी दिवसभर थाऱ्याला राहतात आणि रात्री गोगलगाई व अळ्या टिपतात, म्हणून तो हवाच. मात्र वाफ्यात त्याचा थर चार बोटांपेक्षा जाड नसावा, आणि लाकडांचा किंवा दगडांचा ढीग घराच्या भिंतीला व मुलांच्या खेळण्याच्या जागेला लागून मुळीच नसावा. साप बहुधा उंदरांच्या मागावर येतो. खरकटे आणि धान्य उघड्यावर न टाकणे, बिळे बुजवणे आणि वाटेवरचे गवत आखूड राखणे यांनी हा धोका बराच कमी होतो. पाण्यासाठी उथळ ताटली पुरे. तिच्यात खडे टाकावेत, म्हणजे कीटक बुडणार नाहीत, आणि पाणी दर दोन दिवसांनी बदलावे, म्हणजे डासांच्या अळ्यांना वाढायला अवधी मिळणार नाही.

प्रश्न : ढालकिडे विकत आणून किंवा तळ्यातले बेडूक पकडून बागेत सोडले तर चालेल का?

उत्तर : माझ्या मते सोडू नयेत. परक्या कीटकांचा उपयोग झाल्याची उदाहरणे आहेत. 1888 मध्ये ऑस्ट्रेलियातून कॅलिफोर्नियात नेलेल्या एका ढालकिड्याने तिथल्या संत्र्या-लिंबांच्या बागा खवले किडीपासून वाचवल्या. पण ते काम कीटकशास्त्रज्ञांनी विचारपूर्वक केले होते, आणि तो ढालकिडा बहुतांशी त्याच किडीवर जगणारा होता. उलट 1935 मध्ये उसावरच्या भुंगेऱ्यांसाठी ऑस्ट्रेलियात आणलेल्या भल्या मोठ्या विषारी भेकांनी भुंगेरे आटोक्यात आणले नाहीत, स्वतःच मात्र बेसुमार पसरले आणि त्यांना खाणारे तिथले कितीतरी प्राणी विषाने मेले. घरच्या बागेत सोडलेले ढालकिडे बहुधा एक-दोन दिवसांत उडून जातात. पकडून आणलेला बेडूक आपल्याबरोबर रोगही आणू शकतो, शिवाय तो मूळ जागी परतण्याच्या धडपडीत मरूही शकतो. पाणी, फुले आणि आडोसा यांची सोय केली, की आसपासचे आपणहून येतात. गच्चीवरच्या कुंड्यांपर्यंतही ढालकिडे आणि सिरफिड माश्या उडत पोहोचतात.

प्रश्न : पक्षी अळ्या खातात, पण पिकलेले टोमॅटोही टोचतात. काय करावे?

उत्तर : फळे रंग धरू लागताच तोडून घरात पिकवावीत, किंवा फक्त त्या घोसांवर कापडी पिशवी बांधावी. जाळी लावायचीच असेल, तर बोटही आत जाणार नाही इतकी बारीक घ्यावी आणि चौकटीवर ताणून बसवावी; सैल, मोठ्या छिद्रांच्या जाळीत पक्षी आणि सरडे अडकून मरतात. दिवसातून दोनदा तरी जाळीवर नजर टाकावी, आणि फळे संपताच ती काढून ठेवावी, म्हणजे वाफ्यातल्या अळ्या पक्ष्यांना पुन्हा टिपता येतील.