कपाटाची किल्ली आधी मुलाला द्या

(सोलापूरच्या एका वडिलांचं पत्र आलंय, लांब आहे म्हणून थोडक्यात देते. मुलगा बीए इतिहास, तिसरं वर्ष, दुसऱ्या वर्षाला ७४ टक्के. बीए झालं की यूपीएससी असं घरात ठरलं होतं. आता तो म्हणतोय एमए करायचं आणि चीनच्या कम्युनिस्ट क्रांतीचा अभ्यास करायचा. त्याच्या टेबलावर अरुण साधूंचं 'आणि ड्रॅगन जागा झाला' आणि अमेरिकन पत्रकार एडगर स्नोच्या 'रेड स्टार ओव्हर चायना'ची झेरॉक्स सापडली, ती वडिलांनी उचलून कपाटात ठेवून कुलूप लावलं. त्यांची विनंती अशी की परीक्षेपुरती पुरतील आणि 'डोकं फिरवणार नाहीत' अशी पाच निःपक्ष पुस्तकं सांगा आणि जमलं तर मुलाला फोन करून समजवा.)

नमस्कार,

तुमच्या पत्रात मार्कांबद्दल एक ओळ आहे आणि कुलपाबद्दल अर्धं पान, तेव्हा मीही कुलपापासूनच सुरू करते. तुम्ही लिहिलंय की 'पुस्तकं मी घेतली हे त्याला माहीत नाही, मित्राने नेली असतील असं त्याला वाटतंय.' हे वाचून मला पहिल्यांदा खरंच काळजी वाटली, आणि ती मुलाची नाही. तो एकवीस वर्षांचा आहे, मतदान करतो, उद्या अधिकारी होऊन त्याने तालुका सांभाळावा अशी तुमचीच इच्छा आहे, आणि त्याने रात्री काय वाचायचं हे मात्र तुम्ही ठरवणार, तेही त्याला न सांगता. आता तो त्या मित्राला विचारणार, मित्र म्हणणार मी नाही नेली, मग दोघांत कटकट, आणि एक दिवस कपाट उघडं राहिलं की सगळंच बाहेर येणार. त्या दिवशी तो चीनबद्दल काही बोलणार नाही. तुमच्याशी बोलणंच कमी करेल. अशी मुलं बघितलीत मी, समोर खुर्चीत बसून 'पप्पा म्हणतील तसं' एवढंच म्हणणारी, आणि पप्पा शेजारी बसून म्हणतात बघा मॅडम किती समजूतदार आहे.

तुमची भीती मी हसण्यावारी नेत नाहीये. मुलगा कुठल्या तरी नादाला लागेल, पुढे नोकरीच्या वेळी चौकशीत काहीतरी निघेल, हे बापाच्या मनात येणारच, बातम्याच तशा असतात. पण यूपीएससीचा अभ्यासक्रम एकदा स्वतः उघडून बघा. मुख्य परीक्षेच्या सामान्य अध्ययन पेपर एकमध्ये जगाचा इतिहास आहे आणि त्यात कम्युनिझम, भांडवलशाही, समाजवाद आणि त्यांचा समाजावर झालेला परिणाम असं नाव घेऊन लिहिलंय. म्हणजे ज्या परीक्षेसाठी तुम्ही पुस्तक लपवलंत तिच्याच अभ्यासक्रमातला विषय कपाटात बंद आहे.

आणि तुम्ही राहता कुठे, सोलापुरात. डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक तुमच्याच गावात आहे, मुलाला लहानपणी कधीतरी दाखवायला नेलं असेलच. १९३८ साली काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक चीनला पाठवलं त्यातले ते एक. ते ज्या सैन्यात जखमींवर ऑपरेशनं करत होते ते माओच्या कम्युनिस्ट पक्षाचं आठवं रूट सैन्य होतं, आणि १९४२ मध्ये तिथेच वारले तेव्हा ते त्या पक्षाचे सभासद झालेले होते. आपण त्यांचा फोटो लावतो, हार घालतो, पण पोराने त्या सैन्याबद्दल पुस्तक आणलं की कुलूप.

आता निःपक्ष पुस्तकाचं. हा गैरसमज इतक्या घरांत आहे की यावर जरा बोलावंच लागेल. कुठेतरी एक असं पुस्तक असतं ज्यात कोणाचीच बाजू नसते आणि ते मिळालं की बाकीची वाचायची गरज नाही, असं लोकांना वाटतं. क्रांतीच्या इतिहासात असं पुस्तक नसतं हो. एकच उदाहरण घ्या, लुडिंगचा पूल. मे १९३५, लाँग मार्च म्हणजे माओच्या लाल सैन्याची लांबलचक माघार चालू आहे, दादू नदीवर लोखंडी साखळ्यांचा पूल, त्यावरच्या फळ्या शत्रूने काढून टाकलेल्या, आणि लाल सैनिक गोळ्या झेलत साखळ्यांना लटकत पलीकडे गेले, असं स्नो सांगतो आणि वाचताना अंगावर काटा येतो. पण स्नो तिथे नव्हता. तो १९३६ मध्ये कम्युनिस्टांच्या ताब्यातल्या लाल भागात पोचला, तिथे राहिला, आणि माओची मुलाखत कशी झाली तर माओ चिनीत बोलायचा, दुभाष्या इंग्रजीत सांगायचा, स्नो लिहून घ्यायचा, मग ते परत चिनीत करून माओला दाखवायचे, तो दुरुस्त्या करायचा, आणि मग पुन्हा इंग्रजी. म्हणजे माहिती थेट, पण ज्याच्याबद्दल आहे त्याच्याच हाताखालून गेलेली. आता युंग चँग आणि जॉन हॅलिडे यांचं २००५ चं माओचं चरित्र उघडा, ते म्हणतात तिथे लढाई झालीच नाही, सगळी दंतकथा. मग बाकीचे इतिहासकार त्यांच्यावर तुटून पडले की तुम्ही पुरावे सोयीने निवडलेत. तुमच्या मुलाने या दोन पुस्तकांतला फक्त पुलाचा भाग शेजारी शेजारी ठेवून वाचला आणि कोण कशाच्या आधारावर बोलतंय ते वहीत दोन रकान्यांत लिहिलं, तर इतिहासाचा अभ्यास म्हणजे काय ते त्याला पाच 'निःपक्ष' पुस्तकांपेक्षा जास्त कळेल. डोकं फिरतं ते एकच पुस्तक वाचणाऱ्याचं.

त्यामुळे पाचची यादी देत नाही, कसं निवडायचं ते सांगते, हे त्याला वाचून दाखवा. साधूंचं पुस्तक वाचू दे, मराठीत आहे, ओघवतं आहे, पात्रं आणि क्रम डोक्यात बसतो, फक्त जुनं आहे, त्यानंतर खूप संशोधन झालंय हे लक्षात ठेवायचं. मग एक आटोपशीर अभ्यासाचं पुस्तक, लुसियाँ बियांकोचं, १९१५ ते १९४९ या काळावर आहे आणि क्रांती का झाली हे विचारतं, कोण शूर होतं ते नाही. त्यानंतर अभ्यासकांची भांडणारी जोडी. चामर्स जॉन्सन १९६२ मध्ये म्हणाला की जपानी आक्रमणामुळे शेतकरी पेटून उठले आणि त्या राष्ट्रवादावर पक्ष वाढला. मार्क सेल्डन १९७१ मध्ये म्हणाला की नाही, येनान या आपल्या तळाच्या भागात पक्षाने ज्या सुधारणा केल्या त्याने लोक जोडले गेले. दोन्ही वाचून कोणाचं पटतं ते पानभर लिहायचं. क्रांतीनंतरच्या हिंसेसाठी इतिहासकार फ्रँक डिकोटर आहे, ते टाळू नये, आणि त्याच्यावरची टीकाही टाळू नये.

पण मला विचाराल तर सगळ्यात आधी हातात द्यावं असं पुस्तक विल्यम हिंटनचं 'फानशेन'. जाडजूड आहे, घाबरू नका. १९४८ मध्ये हा अमेरिकन माणूस शान्सीतल्या एका गावात राहिला आणि जमीन वाटपाच्या बैठका त्याने जवळून बघितल्या. फानशेन म्हणजे शब्दशः कूस पालटणं. गावकरी एकत्र बसून एकेका घराची वर्गवारी ठरवतात, हा जमीनदार, हा श्रीमंत शेतकरी, हा मध्यम, हा गरीब, आणि प्रत्येक घराच्या जमिनीवरून, जनावरांवरून, मजूर लावले होते का यावरून तासन् तास वाद. कारण 'श्रीमंत' शिक्का बसला की घर गेलं. मध्यम शेतकऱ्यांवर चुकीचे शिक्के बसले, लोकांना मारहाण झाली, हेही तो लिहितो, आणि तो स्वतः क्रांतीच्या बाजूचा आहे बरं का. ज्याने गावात सातबाऱ्यावरून भावकीची भांडणं बघितलीत त्याला हे पुस्तक लगेच भिडेल. (आपला मुंबई राज्याचा कूळकायदाही १९४८ चाच.) आणखी एक गंमत, हिंटन १९५३ मध्ये अमेरिकेत परतला तेव्हा कस्टमने त्याच्या सगळ्या नोंदी जप्त केल्या आणि सिनेटच्या समितीकडे दिल्या. वर्षानुवर्षं कोर्टकचेरी करून त्याने त्या सोडवल्या आणि पुस्तक १९६६ मध्ये आलं. कुलूप लावून काय साधतं ते यावरून बघा.

एक बारीकशी सूचना मुलासाठी. जुन्या पुस्तकांत माओ त्से-तुंग, चू तेह, येनान, पेकिंग, आणि नव्यांत माओ झेडाँग, झू द, यानान, बीजिंग. माणसं तीच, स्पेलिंगची पद्धत बदलली. एक मुलगी माझ्याकडे सेनापतींचा तक्ता घेऊन आली होती, त्यात एकच माणूस दोनदा होता आणि एकदा तो दुसऱ्याचा वरिष्ठ दाखवला होता. वहीच्या शेवटच्या पानावर दोन्ही नावं समोरासमोर लिहायला सांगा.

करिअरचं म्हणाल तर यूपीएससीला इतिहास ऑप्शनल घेता येतो, एमए करत करतही तयारी होते. नेट, सेट, जेआरएफ हा प्राध्यापकी-संशोधनाचा रस्ता सगळ्यांना माहीत आहे. मी त्याला खरं विचारीन ते वेगळंच, चिनी भाषा शिकणार का? इंग्रजी पुस्तकांवर चीनचा अभ्यास एमएपर्यंत जमतो, त्यापुढे नाही. दिल्ली विद्यापीठात पूर्व आशिया अध्ययनाचा विभाग आहे, जेएनयूत चिनी शिकवतात, शांतिनिकेतनात चीना भवन १९३७ पासून आहे. सहा महिने रोज तासभर चिनी अक्षरं गिरवून बघू दे. कंटाळला तर त्याला चीन नको होता, गोष्ट हवी होती, आणि मग यूपीएससीकडे तो स्वतःच्या पायाने येईल. नाही कंटाळला तर तुम्ही अडवून थांबणार नाही, आणि मूळ चिनी कागद वाचू शकणारी माणसं आपल्याकडे खूप कमी आहेत.

फोन करून समजवा म्हणालात, ते मी करणार नाही. त्याने मला स्वतः लिहावं, तुम्ही न वाचता पाठवावं. आणि त्याआधी आजच पुस्तकं परत टेबलावर ठेवा, मीच घेतली होती असं सांगून. स्नोची झेरॉक्स त्याला द्या. साधूंचं मात्र आठवडाभर तुम्ही मागून घ्या, 'मलाही वाचायचंय' म्हणा, आणि खरंच वाचा, कारण जेवताना तो तुम्हाला विचारणार आहे कुठपर्यंत आलात.