युक्रेन युद्धात ड्रोन, नकाशे आणि तोफा जोडणाऱ्या डिजिटल नेटवर्कमुळे जमिनीवरची लढाई नेमकी कशी बदलली?

सगळ्यात मोठा फरक पडला तो वेळेत. ड्रोनला रणगाडा दिसला की त्याची जागा युक्रेनी सैन्याच्या ‘डेल्टा’सारख्या डिजिटल नकाशावर उमटते आणि जवळची तोफ काही मिनिटांत मारा करते. त्यामुळे रणगाड्यांचे जथे आघाडीजवळ जमवणं आत्मघातकी ठरतं. पायदळ दोघातिघांच्या टोळीने झाडीतून सरकतं, तोफाही गोळे डागून लगेच जागा बदलतात.

गोम अशी की जो सिग्नल सोडतो, तो सापडतो. १ जानेवारी २०२३ ला रशियाच्या ताब्यातल्या माकिइव्हका शहरात युक्रेनच्या रॉकेट हल्ल्यात रशियाचे ८९ सैनिक मेले (हा रशियाचाच आकडा). त्यांच्या संरक्षण मंत्रालयाने खापर फोडलं ते सैनिकांच्या मोबाइलवर. जॅमिंगने, म्हणजे शत्रूने सिग्नल मुद्दाम बिघडवल्याने, रेडिओवरचे ड्रोन भरकटतात, म्हणून मागे ऑप्टिकल फायबरची बारीक तार सोडत जाणारे आणि तिच्यातूनच आदेश घेणारे ड्रोन आले. ते जॅम होत नाहीत, पण फायबर फांदीत अडकून तुटली की ड्रोन गेलाच.