"पेन्शन मागायला लाज वाटते, मॅडम"

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की मोजणं सोडून दिलं. बोलणारा कधी सूतगिरणीतला असतो, कधी साखर कारखान्यातला, कधी एखाद्या संस्थेतला शिपाई. "चकरा मारून चपला झिजल्या, आता त्या खिडकीपुढं उभं राहायची लाज वाटते," असं म्हणून माणूस घरी बसतो. पेन्शन अडकलेली असते कागदात आणि माणूस अडकतो लाजेत. त्यातली एक हकिकत ओळख बदलून सांगते.

अण्णांना त्यांच्या पत्नी, काकू, माझ्याकडे समुपदेशनाला घेऊन आल्या होत्या. तक्रार झोपेची. रात्री दोन-दोन वाजता उठून ओट्यावर बसतात, कुणाशी बोलत नाहीत. मुलगा पुण्याहून पैसे पाठवतो, ते परत करायला लावतात. शेवटी काकू हळूच म्हणाल्या, "बीपीची गोळी एक दिवसाआड घेतात. मला वाटलं विसरतात. पाकीट मोजलं तेव्हा कळलं, पुरवून खातायत."

अण्णा 26 वर्षं सूतगिरणीत रिंग खात्यात, म्हणजे सूत कातायच्या यंत्रांवर होते. सप्टेंबर 1996 मध्ये लागले, ऑगस्ट 2022 मध्ये अठ्ठावन्न पूर्ण होऊन निवृत्त झाले. मिलच्या कागदावर नाव 'सिद्राम', आधार कार्डावर 'सिद्धाराम'. एवढ्यावरून वीस महिने पेन्शन बंद.

पहिल्या दोन भेटींत ते फारसं बोलले नाहीत. अंगठा आणि तर्जनी मात्र सारखी एकमेकांवर घासत होती. तुटलेला धागा सांधताना जी चिमटीची हालचाल करायची, ती. सव्वीस वर्षांची सवय. बेचैनी वाढली की चिमूट जोरात चालायची.

तिसऱ्या भेटीत मी विचारलं, "पेन्शन कचेरीच्या खिडकीपाशी गेल्यावर तुम्ही काय म्हणता? तसंच्या तसं म्हणून दाखवा."

ते खुर्चीतच थोडे वाकले. "साहेब, तेवढी कृपा करा. गरिबाचं काम आहे."

मला हवं ते सापडलं होतं. मी ज्या विचारपद्धतीत शिकले, तिथे दुःखाच्या प्रसंगाइतकंच लक्ष माणूस स्वतःशी कोणतं वाक्य बोलतो याकडे देतात. अण्णांचं वाक्य होतं, मी मागतोय. आणि मागणाऱ्याला मान नसतो, हे ते लहानपणापासून मानत आले होते. मग झोप कशी लागणार?

"अण्णा, पगाराच्या दिवशी खिडकीवर काय म्हणायचात?"

"काही नाही. बिल्ला दाखवायचा, सही करायची, नोटा मोजायच्या."

"कृपा करा म्हणायचात?"

पहिल्यांदाच हसले. "हट! कशाला? पूर्ण मोजून होईस्तोवर जागचा हलत नव्हतो मी. मागची रांग ओरडायची."

"मग इथंच का?"

"ते वेगळं. तो पगार होता. घाम गाळला होता. पेन्शनचे पैसे आमच्या पगारातून कुठं कापले? ते तर मिलनं भरले."

बरोबर होतं. कामगाराच्या पगारातून कापलेले पैसे सगळे भविष्य निर्वाह निधीत जातात. 1995 च्या पेन्शन योजनेत जातात ते मालकाच्या वाट्यातले 8.33 टक्के, शिवाय सरकारचा थोडा हिस्सा. माझ्याकडे येणाऱ्या पुष्कळ जणांच्या मनात या एका गोष्टीमुळे पेन्शन म्हणजे दुसऱ्याचं दान होऊन बसतं.

मी विचारलं, "खाडा झाला, बिनपगारी झाली, तर त्या दिवसांचे भरायचे का?"

"नाही. हजेरी नाही तर पगार नाही, पगार नाही तर भरणा कसला?"

"म्हणजे कशावर भरत होते?"

बराच वेळ गेला. बाहेर काकूंच्या बांगड्या वाजल्या तेवढाच आवाज. मी घाई केली नाही. अशा वेळी गप्प बसता येणं ही माझ्या कामातली खरी कमाई, असं मी मानते. मग अण्णा सावकाश म्हणाले, "हजेरीवर. माझ्या हजेरीवर."

चिमूट थांबली होती.

त्या दिवशी मी त्यांना डी. एस. नाकरा या निवृत्त केंद्रीय अधिकाऱ्याचा खटला सांगितला. 17 डिसेंबर 1982 ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाल दिला की पेन्शन ही मालकाच्या मर्जीवर अवलंबून असलेली बक्षिसी नव्हे. पीठाचे अध्यक्ष होते आपल्या पुण्याचे सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड. खटला सरकारी नोकरांचा होता, तरी त्यातलं तत्त्व गिरणीतल्या माणसाचंही आहे. त्या निकालामुळे 17 डिसेंबर पेन्शनर दिन म्हणून पाळतात. अण्णांनी विचारलं, "इतकी वर्षं झाली? आणि आम्हाला कुणी सांगितलं नाही?"

पुढची भेट हिशेबाची. कॅलेंडरच्या मागच्या बाजूवर त्यांनीच मांडला. पगाराची सरासरी गुणिले वर्षं, भागिले 70. सप्टेंबर 2014 आधीच्या सेवेला पगाराची मर्यादा 6,500, नंतरच्या सेवेला 15,000. शेवटच्या 60 महिन्यांची त्यांची सरासरी 9,800. म्हणून 18 वर्षांचे 1,671, आठ वर्षांचे 1,120, आणि वीस वर्षांवर सेवा झाली की दोन वर्षं वाढवून मिळतात ती. तीन हजारांच्या आसपास. रक्कम लहान आहे. पण आपला आकडा आपल्या हातानं काढलेला माणूस खिडकीपुढं वाकत नाही, हे मी वारंवार पाहिलंय.

मग वाक्य बदललं. आम्ही ते घोकलं, मी कारकून झाले. "पेन्शनच्या दाव्याचा दहा-डी फॉर्म अमुक तारखेला दिला. पूर्ण कागदांचा दावा 20 दिवसांत निकाली काढायचा आणि त्रुटी असेल तर लेखी कळवायची, असा नियम आहे. त्रुटी लेखी द्या." पहिल्यांदा आवाज फुटेना. सहाव्यांदा फुटला. नावाच्या दुरुस्तीचा संयुक्त अर्ज मिलच्या सहीनं गेला, दर महिन्याच्या 27 तारखेला भविष्य निधीवाल्यांचं तक्रार शिबिर भरतं तिथे अण्णा स्वतः उभे राहिले, आणि अडीच महिन्यांनी थकबाकीसह पेन्शन सुरू झाली. गोळी आता रोज.

"शांत व्हा, नशिबात असेल ते मिळेल," असं सांगणारे पुष्कळ भेटतात. मी सांगत नाही. या योजनेतली किमान पेन्शन 2014 पासून 1,000 रुपयांवर ठेवलेली आहे. त्याविरुद्ध बुलढाण्यात म्हातारी माणसं वर्षानुवर्षं साखळी उपोषणाला बसली. तो राग निरोगी आहे. मला काळजी वाटते ती ओट्यावर एकट्यानं गिळलेल्या रागाची.

अजून नोकरीत असणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. नोकरी बदलताना पेन्शनचे पैसे काढून घेऊ नका. दहा वर्षं भरली नसतील तर दहा-सी फॉर्मवर योजना प्रमाणपत्र घ्या, म्हणजे मागची सेवा पुढं जोडली जाते. पैसे उचलले की ती वर्षं गेली. अठ्ठावन्नच्या आधी पेन्शन सुरू केली तर दर वर्षामागे 4 टक्के कायमचे कमी होतात. नाव आणि जन्मतारीख आज जुळवा, हजेरी लागते आहे तोवर. पेन्शनर असाल तर हयातीचा दाखला वर्षातून केव्हाही देता येतो, तो वर्षभर चालतो. आणि एटीएम कार्ड सावकाराकडे ठेवू नका. ही पेन्शन तर कोर्टालाही जप्त करता येत नाही.

शेवटच्या भेटीत मी काकूंना आत बोलावलं. अण्णांच्या माघारी त्यांना निम्मी पेन्शन मिळेल, हे त्यांना ठाऊक नव्हतं. अण्णा म्हणाले, "असलं आत्ता कशाला?" काकू म्हणाल्या, "असू द्या, सांगू द्या त्यांना." मी पेन्शन आदेशाचा बारा आकडी नंबर वाचला. काकूंनी पिशवीतून छोटी वही काढली आणि गॅसच्या नंबराखाली एकेक आकडा उतरवून घेतला.